टॅटूचं दुखणं: ऐकीव काय, खरं काय

नवरात्र जवळ आलं की बोरिवली, घाटकोपर, मुलुंडच्या टॅटू स्टुडिओंत चौकशा वाढतात. डिझाइन मोबाइलमध्ये तयार असतं. मग आवाज जरा खाली येतो आणि खरा प्रश्न निघतो: ‘किती दुखेल?’ उत्तर द्यायला मित्रमंडळी टपलेली असतातच आणि गोंधळ तिथेच सुरू होतो.

गैरसमज: टॅटू म्हणजे इंजेक्शनच, फक्त पुन्हा पुन्हा.
वस्तुस्थिती: दंडातलं इंजेक्शन थेट स्नायूत जातं. टॅटूची सुई जेमतेम 1 ते 2 मिलिमीटर आत उतरते. कातडीचा वरचा थर सतत झडतो, म्हणून शाई त्याखालच्या थरात सोडावी लागते. वेदना टिपणाऱ्या मज्जातंतूंचं जाळंही तिथेच असतं. मशीन इतक्या वेगाने टोचतं की एकेक टोच वेगळी कळत नाही, सलग चरचर जाणवते. आउटलाइनचं दुखणं धारदार असतं. शेडिंगला रुंद सुयांचा संच त्याच जागेवरून फिरत राहतो, तेव्हा उन्हाने भाजलेल्या पाठीवर खरखरीत टॉवेल घासावा तशी आग होते.

गैरसमज: दुखायचं ते सगळीकडे सारखंच.
वस्तुस्थिती: दंडाची आणि मांडीची बाहेरची बाजू, पोटरी या जागा बऱ्यापैकी सोसतात. बरगड्या, काख, कोपराची आतली बाजू, गुडघ्यामागची खळगी, घोटा आणि बोटं मात्र घाम काढतात. छातीवर राजमुद्रा हवी असेल, तर मधल्या हाडावर सुई आली की जास्त लागणार हे धरून चला. बारीक अक्षरं वाचता यायची तर मुद्रा मोठी काढावी लागते, म्हणजे वेळही वाढला. पहिलाच टॅटू असेल तर दंड बरा.

गैरसमज: आजीने निमूट गोंदवून घेतलं, आताची पोरं नाजूक.
वस्तुस्थिती: वेसावे, गोराईतल्या वयस्क कोळणींच्या हातांवर आजही गोंदण दिसतं. सुया एकत्र बांधून काजळाची शाई हाताने टोचायची, ही जुनी रीत. दुखायचं तेव्हाही. पण काम ठिपके, तुळस, एखादं नाव एवढंच असे. विजेवर चालणाऱ्या टॅटू मशीनचं पेटंट सॅम्युअल ओ’रायली यांनी न्यूयॉर्कमध्ये 1891 साली घेतलं. वेग आला तशी नक्षीही पसरली. चार ठिपके आणि अख्खा भरलेला हात यांची बरोबरी कशी करणार?

गैरसमज: पहिली दहा मिनिटं सोसली की पुढे सुन्न होतं.
वस्तुस्थिती: हे अर्धंच खरं. भीती ओसरते, शरीर स्वतःची वेदनाशामक रसायनं सोडतं आणि मधला वेळ बरा जातो. पण दोनेक तासांनी कातडी सुजून हुळहुळी होते आणि साधं पुसणंही झोंबतं. मोठं काम दोन-तीन सिटिंगमध्ये वाटून घ्या. ‘जरा थांबा’ म्हणण्यात कमीपणा नाही. दचकून हात हलण्यापेक्षा आर्टिस्टलाही ते परवडतं.

गैरसमज: नंबिंग क्रीम भरपूर थापलं की काम झालं.
वस्तुस्थिती: लिडोकेन आणि प्रिलोकेन प्रत्येकी 2.5 टक्के असलेलं क्रीम आपल्याकडे मिळतं. त्याचा परिणाम व्हायला साधारण तासभर लागतो आणि तो काही वेळाने उतरतो. मोठ्या भागावर थापून वर प्लास्टिक गुंडाळलं, तर औषध रक्तात जास्त शोषलं जातं. त्यातून हृदयाचे ठोके बिघडू शकतात, झटके येऊ शकतात. 4 टक्क्यांहून जास्त लिडोकेनच्या, दुकानात सरसकट मिळणाऱ्या क्रीमबद्दल अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मार्च 2024 मध्ये इशारा दिला होता. म्हणून आधी डॉक्टरांना विचारा आणि आर्टिस्टलाही कल्पना द्या.

गैरसमज: दोन पेग किंवा एक अ‍ॅस्पिरिन घेऊन जावं.
वस्तुस्थिती: दोन्हींमुळे रक्त जास्त येऊ शकतं आणि काम अडतं. शिवाय प्यायलेल्या गिऱ्हाइकाला चांगला आर्टिस्ट खुर्चीत बसवत नाही. रक्त पातळ करणारी गोळी डॉक्टरांनी दिलेली असेल, तर ती मनाने बंद करू नका. आधी त्यांच्याशी बोला.

गैरसमज: चक्कर येते ती घाबरटांना.
वस्तुस्थिती: सुई किंवा रक्त पाहून काहींचा रक्तदाब एकदम घसरतो, नाडी मंदावते. धडधाकट माणसालाही हे होतं आणि उपाशी पोटी हमखास जास्त. रात्री नीट झोपा, निघण्याआधी पोळीभाजी किंवा वरणभात खा, पाणी प्या, पिशवीत चिक्की ठेवा. डोळ्यांपुढे अंधारी आली तर लगेच सांगा, आडवे व्हा, पाय उंच ठेवा.

गैरसमज: मशीन थांबलं, दुखणं संपलं.
वस्तुस्थिती: पहिले दोन-तीन दिवस जागा ठणकते, मग खाज सुटते. वरची कातडी भरायला दोन ते तीन आठवडे लागतात. पाठीवरच्या ताज्या टॅटूवर सॅक लटकवून संध्याकाळची विरार लोकल पकडणं म्हणजे दुखणं ओढवून घेणं. वेळ दुपारची घ्या, कपडे सैल सुती घाला. गरब्यात मिरवायचा असेल, तर किमान महिनाभर आधी काढा. घाम आणि चोळीची घासणी ताज्या जखमेला सोसत नाही. दुखणं रोज थोडं कमी व्हायला हवं. ते वाढत गेलं, लाली पसरली, पू किंवा ताप आला, तर आर्टिस्टला फोटो पाठवत बसू नका. त्वचारोगतज्ज्ञ गाठा, त्याच दिवशी.