नकाशातून निवडलेला संघ : जबलपूरच्या विद्यापीठीय क्रीडेचा प्रवास

विद्यापीठाचा क्रीडासंघ मैदानावर घडतो हा समज रूढ असला, तरी भारतातील संलग्न विद्यापीठांच्या बाबतीत तो अर्धाच खरा आहे. संलग्न विद्यापीठ म्हणजे जे स्वतःच्या आवारात थोडेच विद्यार्थी शिकवते आणि नेमून दिलेल्या जिल्ह्यांतील महाविद्यालयांच्या परीक्षा व पदव्या सांभाळते असे विद्यापीठ. साहजिकच त्याच्या संघात कोणी खेळायचे हे आधी कायद्याने आखलेले कार्यक्षेत्र ठरवते आणि निवड समितीचे काम त्यानंतर सुरू होते. जबलपूरच्या राणी दुर्गावती विद्यापीठाचा क्रीडाइतिहास पदकांच्या यादीपेक्षा या बदलत्या हद्दीतूनच अधिक नीट उलगडतो.

या शहरातील महाविद्यालये एकाच छत्राखाली फार काळ राहिली नाहीत. सागर येथे 1836 मध्ये मूळ धरलेले आणि 1873 मध्ये जबलपूरला हलवलेले रॉबर्टसन कॉलेज आधी कलकत्ता, मग अलाहाबाद आणि 1923 मध्ये नागपूर विद्यापीठ स्थापन झाल्यावर नागपूर असे तीन दिशांना जोडले गेले; 1946 मध्ये सागर विद्यापीठ निघताच जबलपूरने पुन्हा छत्र बदलले. विद्यापीठांच्या क्रिकेट संघांसाठी रोहिंटन बारिया करंडकाची स्पर्धा 1935-36 मध्ये सुरू झाली, तेव्हा जबलपूरच्या विद्यार्थ्याला या स्पर्धेत उतरण्याची वाट नागपूरच्या संघातून जात होती, आणि पुढे बारा वर्षांच्या आत तीच वाट सागरकडे वळली. खेळाडू, मैदान आणि मास्तर तेच असताना छातीवरचे बोधचिन्ह तेवढे बदलत गेले.

जबलपूरचे स्वतःचे विद्यापीठ 12 जून 1956 रोजी अस्तित्वात आले. सर्व खेळांतील एकत्रित कामगिरीवरून सर्वोत्तम विद्यापीठाला दिला जाणारा मौलाना अबुल कलाम आझाद करंडकही, ज्याला क्रीडावर्तुळात आद्याक्षरांवरून ‘माका’ म्हणतात, 1956-57 पासूनचाच, म्हणजे करंडक आणि विद्यापीठ जवळपास जुळी भावंडे ठरतात. मात्र या भावंडांची गाठ पडण्याचा योग कधी जुळला नाही. आरंभी विद्यापीठाचे कार्यक्षेत्र जबलपूर जिल्ह्यापुरतेच होते. ते 1961 मध्ये मंडला, सिवनी, बालाघाट, नरसिंहपूर आणि छिंदवाड्यापर्यंत पसरले, आणि विद्यापीठाला खऱ्या अर्थाने संघ बांधण्याजोगा मुलूख मिळाला. राणी दुर्गावतीचे नाव त्याला 1983 मध्ये लाभले.

मराठी वाचकाला या विस्तारात विशेष स्वारस्य वाटावे, कारण छिंदवाड्यातील सौंसर-पांढुर्णा हा मराठी बोलणारा पट्टा आणि बालाघाटातील मराठी-पोवारी कानावर पडणारी गावे त्यामुळे जबलपूरच्या संघाच्या कक्षेत आली. पांढुर्ण्याहून नागपूर शंभर किलोमीटरच्या आत-बाहेर, तर जबलपूर त्याच्या तिप्पट लांब. तरीही तेथील मुलाने आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत नाव काढले, तर त्याला निवडीसाठी नर्मदेकाठीच जावे लागे. बालाघाटकडची मुले सातपुड्यातल्या छोट्या लाइनने, म्हणजे अरुंद मापाच्या रेल्वेने, नैनपूरमार्गे येऊ शकत. ती गाडी 2015 मध्ये रुंदीकरणासाठी थांबली.

निवड म्हणजे काय, हे पात्रता अर्जावरून कळते. या एका कागदावर खेळाडूचे छायाचित्र, त्यावर प्राचार्यांचा शिक्का, जन्मतारखेच्या पुराव्यासाठी दहावीचे प्रमाणपत्र आणि चालू वर्षाच्या प्रवेशाचा दाखला इतके सगळे जुळावे लागते, आणि एखादा शिक्का राहून गेला तर उत्तम धावपटूही कुंपणाबाहेर बसतो. अर्ज पार पडलेल्यांचे थोड्या दिवसांचे सराव शिबिर भरते, आणि लांबलचक कार्यक्षेत्राची खरी किंमत तेथे मोजली जाते. खो-खोचेच पाहावे. मधल्या पाटीवर आठ जण आलटूनपालटून विरुद्ध दिशांना तोंड करून बसतात, नववा धावत येऊन बसलेल्याच्या पाठीला हात लावतो आणि ‘खो’ म्हणतो. बसलेला त्याआधी उठला तर फाऊल, आणि उशिरा उठला तर पळणारा हातचा निसटतो. हा क्षण ओळखायला एकमेकांची चाल अंगात मुरावी लागते. पांढुर्णा, कटंगी आणि मंडला येथून आलेल्या नऊ जणांनी ती दोन आठवड्यांत मुरवावी ही अपेक्षा मुळातच धाडसी म्हणावी लागेल. अॅथलेटिक्ससारख्या वैयक्तिक खेळात ही अडचण येत नाही.

संघ बांधला जात असतानाच त्याखालची जमीन मात्र सरकू लागली. भोपाळचे राजीव गांधी प्रौद्योगिकी विद्यापीठ 1998 मध्ये निघाल्यावर अभियांत्रिकीची मुले, आणि त्यांच्यात 1947 पासूनच्या जबलपूर अभियांत्रिकी महाविद्यालयाची मुलेही, त्याच्या संघाकडे गेली. वैद्यकीय विद्यापीठ 2011 मध्ये जबलपुरातच स्थापन झाल्यावर होऊ घातलेले डॉक्टर वेगळे झाले. आणि 2019 मध्ये छिंदवाड्यात स्वतंत्र विद्यापीठ आल्यावर छिंदवाडा, सिवनी, बालाघाट हे तिन्ही जिल्हे एकदम गेले. शहरातील जवाहरलाल नेहरू कृषी विद्यापीठाची कथाही निराळी नाही: 1964 मध्ये तेव्हाच्या अखंड मध्य प्रदेशासाठी ते स्थापन झाले, 1987 मध्ये रायपूर, 2008 मध्ये ग्वाल्हेर आणि 2009 मध्ये पशुवैद्यक विद्यापीठ असे त्याचे तुकडे निघत गेले. कृषी विद्यापीठांच्या स्वतंत्र अखिल भारतीय क्रीडास्पर्धा भरतात, त्यांत आता हे तुकडे परस्परांचे प्रतिस्पर्धी म्हणून उतरतात. शिक्षणाच्या सोयीसाठी ही विभागणी योग्यच असेल. क्रीडेच्या हिशेबात तिचा विचार कोणी केल्याचे मात्र दिसत नाही.

दुसऱ्या बाजूला, ‘माका’ वीसहून अधिक वेळा जिंकणारे अमृतसरचे गुरू नानक देव विद्यापीठ आहे आणि अलीकडे पुढे आलेली पंजाबातील खासगी विद्यापीठे आहेत. त्यांतील खासगी विद्यापीठांना जिल्ह्यांची हद्द जाचत नाही. ती देशभरातून खेळाडू हेरतात, शुल्कमाफी व वसतिगृह देतात आणि वर्षभर एकत्र सराव करवतात. 2020 मध्ये भुवनेश्वरला सुरू झालेल्या खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धांनी या चढाओढीला दूरचित्रवाणीचा झोतही मिळवून दिला.

जबलपूरला खेळाचा वारसा कमी पडला असे नाही. 1932 च्या ऑलिंपिक हॉकीमध्ये अमेरिकेविरुद्धच्या 24-1 अशा विजयात दहा गोल करणारा रूपसिंग येथेच 1908 मध्ये जन्मला. पण त्याच्या घराण्याचा खेळ लष्करी छावण्यांतला होता, विद्यापीठातला नव्हे. आणि पुढेही 1904 चा तोफगाडी कारखाना, खमरियाचा दारूगोळा कारखाना व रेल्वे यांनी खेळाडूला जे दिले, म्हणजे पगार, ते विद्यापीठाच्या टीए-डीएला, म्हणजे प्रवास व दैनिक भत्त्याला, आणि संघातल्या खेळाडूला मिळणाऱ्या मानाच्या ‘कलर कोटा’ला देता येण्यासारखे नव्हते. विसाव्या वर्षी नोकरी हाती आल्यावर पदवीच्या तिसऱ्या वर्षाचा अर्ज भरायला कोण थांबणार?

आता राणी दुर्गावती विद्यापीठाच्या संघासाठी जबलपूर, कटनी, मंडला, दिंडोरी आणि नरसिंहपूर एवढाच मुलूख उरला आहे. पांढुर्णा 2023 मध्ये स्वतः जिल्हा झाले. तेथल्या खो-खोपटूंच्या बनियनवर आता छिंदवाड्याच्या राजा शंकरशाह विद्यापीठाचे नाव असते, आणि जबलपूरशी सामना पडलाच तर पाटीपलीकडे असतो तो कालपर्यंतचा आपला संघ.