एक स्मृति, अनेक धनी

चुडावा हें परभणी जिल्ह्याच्या पूर्णा तालुक्यांतील एक गांव. पूर्णा जंक्शनहून नांदेडकडे जाणाऱ्या लोहमार्गावर त्याचें स्टेशन लागतें. हा मार्ग एकेरी होता त्या काळीं समोरासमोर येणाऱ्या दोन गाड्यांपैकीं एकीला बाजूच्या रुळावर थांबवूनच दुसरीला वाट द्यावी लागे. एकेरी मार्गावर ड्रायव्हरच्या हातीं परवान्याची खूण म्हणून धातूचा गोळा देण्याची पद्धत भारतांत पुष्कळ ठिकाणीं रूढ होती. दोन स्टेशनांवरील यंत्रें विजेनें अशीं जोडलेलीं असत कीं, एक गोळा बाहेर पडला म्हणजे तो परत यंत्रांत पडेपर्यंत दुसरा निघतच नसे.

संगणकांत अनेक प्रोसेसरांनीं एकच स्मृति वापरावयाची झाली म्हणजे असाच पेंच पडतो. प्रोसेसर हा हिशेब करणारा भाग. स्मृति हें असंख्य खणांचें कपाट. आणि प्रत्येक खणाचा अनुक्रमांक हा त्याचा पत्ता. १९७८ सालीं निघालेल्या इंटेल ८०८६ या प्रोसेसराला पत्ता सांगण्यासाठीं २० तारा होत्या. प्रत्येक तारेच्या दोनच अवस्था, म्हणून त्याला १०,४८,५७६ खण ओळखतां येत. पत्त्यांच्या, मजकुराच्या व हुकुमांच्या तारा मिळून जो सामायिक मार्ग होतो, त्यास ‘बस’ म्हणतात.

पत्त्यांचा घोटाळा येथेंच सुरू होतो. एखाद्या वाड्याला पेठेंतला नंबर एक व नगरपालिकेचा दुसरा असावा, तसा एकच खण प्रोसेसराच्या घरीं एका क्रमांकानें व बसवर निराळ्याच क्रमांकानें ओळखला जाऊं शकतो. एकानें आपल्या घरचा क्रमांक शेजाऱ्यास कळविला, तर शेजारी भलताच खण उघडील! म्हणून निरोपांत बसवरचाच पत्ता द्यावा लागतो.

बसवर एका वेळीं एकानेंच बोलावें, यासाठीं पाळी ठरविणारें मंडल असतें. परंतु पाळी पाळली म्हणजे सर्व कांहीं साधलें, असें नव्हे. पूर्णा व नांदेड येथील दोन खिडक्यांवर एकाच गाडीचीं तिकिटें विकलीं जात आहेत आणि शिल्लक जागांचा आंकडा एकाच खणांत आहे, असें समजा. आंकडा १ आहे. पहिला प्रोसेसर तो वाचतो. लगेच दुसऱ्याची पाळी येते, तोही १ च वाचतो. पहिला तिकीट देऊन ० लिहितो, दुसराही तेंच करतो. जागा एक, प्रवासी दोन. आणि नियम तर कोणींच मोडलेला नाहीं! वाचणें व लिहिणें या दोन फेऱ्यांच्या मध्यें दुसरा शिरला, एवढाच दोष. यासाठीं ८०८६ मध्यें ‘लॉक’ नांवाची सोय होती. वाचून, बदलून, परत लिहीपर्यंत बस दुसऱ्याच्या हातीं जातच नाहीं. गोळाही पुढचें स्टेशन येईपर्यंत ड्रायव्हरपाशींच राहतो.

वेळ वांचविण्यासाठीं पुढें प्रोसेसर लागणाऱ्या खणांच्या नकला जवळ ठेवूं लागले. मूळ बदललें कीं नक्कल शिळी. १९८३ सालीं अमेरिकेंतील जेम्स गुडमन यांनीं यावर उपाय मांडला. प्रत्येकानें बसवर कान ठेवावा, व आपल्याजवळच्या खणांत दुसऱ्यानें लिहिल्याचें ऐकूं येतांच नक्कल रद्द करावी. सर्व पत्ते एकाच मार्गानें उघडपणें जातात, म्हणूनच हें शक्य होतें.

मात्र प्रोसेसर वाढले कीं बसवर खोळंबा होतो. पुण्याच्या सी-डॅक संस्थेनें १९९१ सालीं ‘परम ८०००’ हा महासंगणक सिद्ध केला, त्यांत सामायिक स्मृतीच नव्हती. ट्रान्सप्युटर जातीच्या प्रत्येक प्रोसेसराला स्वतःची स्मृति व शेजाऱ्यांशीं जोडणाऱ्या चार वाटा होत्या. हवा तो आंकडा निरोपानें मागवावयाचा. खोळंबा टळला, पण कामाची वांटणी व निरोपांची आंखणी यांचा भार आज्ञावली लिहिणाराच्या शिरीं आला. आजच्या मोबाइलमध्यें पुन्हां अनेक प्रोसेसर एकच स्मृति वापरतात. त्यांच्यामध्यें पूर्वीची एकेरी बस जाऊन वाटांचें जाळें आलें आहे. वाचणें व लिहिणें एकत्र बांधणारी सोय मात्र तेथेंही ठेवावी लागली आहे.