फळ्यावरची बाहेरची रेघ

महाविद्यालयात ३१ वर्षे वनस्पतिशास्त्र शिकवताना तुळशीच्या पानावरच्या तैलग्रंथीची आकृती मी किती वेळा फळ्यावर काढली असेल, याची मोजदाद नाही. खाली आखूड देठ, वर पेशींचा माथा आणि त्याभोवती एक गोल रेघ. एकदा एका मुलीने विचारले, ‘‘मॅडम, ही बाहेरची रेघ कशाची?’’ मी म्हणाले, ‘‘हद्द दाखवायला काढली आहे.’’ तिने ते तसेच वहीत उतरवून घेतले.

उत्तर चुकीचे होते. त्या आकृतीत सर्वांत मोलाची गोष्ट ती रेघच होती, हे निवृत्तीनंतर सवडीने वाचू लागल्यावर उमगले. तिला तेव्हा द्यायला हवे होते ते उत्तर इथे मांडते.

तुळशीजवळून नुसते गेले तर वास मंद येतो. पान बोटांत चुरले की घमघमाट सुटतो. याचा अर्थ तेल पानात आधीपासून तयार असते, पण कोंडलेले असते. ते कोंडून ठेवणारे आवरण म्हणजे उपत्वचा.

कोवळ्या पानाच्या पृष्ठभागावरची एखादी पेशी आजूबाजूच्या पेशींपेक्षा फुगते आणि आडवी विभागते. त्यातून तळाची, देठाची आणि माथ्याची अशा पेशी होतात. माथ्याची पेशी पुढे उभी विभागून चार पेशी बनतात; पुदिन्यात बहुधा आठ. पानावरची उपत्वचा या नव्या उंचवट्यावरूनही अखंड पसरलेली असते. पेशी वाढतात तशी तिच्यात सतत भर पडावी लागते, नाहीतर ती फाटेल.

ही भर पेशी स्वतःच घालते. आत १६ आणि १८ कार्बन अणूंची मेदाम्ले तयार होतात. विकरे त्यांच्यात बदल करतात, ग्लिसरॉलशी त्यांची जोडणी होते आणि ते रेणू पेशीपटलातून बाहेर धाडले जातात. विणकाम मात्र पेशीच्या बाहेर, भित्तिकेच्या पलीकडे चालते. तिथे एक विकर हे सुटे रेणू एकमेकांत गुंफून क्युटिन नावाचे जाळे तयार करते. टोमॅटोमधल्या अशा विकराचे काम २०१२ मध्ये उलगडले. जाळ्याच्या फटींत आणि वरच्या बाजूला मेण बसते. पाणी सहजी आरपार जाऊ न देणारे आवरण असे तयार होते.

माथ्यावर याच्या पुढची पायरी असते. पेशी तेल पाझरू लागल्या की उपत्वचा भित्तिकेपासून सुटते आणि पोळीसारखी फुगते. तेल त्या पोकळीत, म्हणजे पेशींच्या बाहेर पण उपत्वचेच्या आत, साठत जाते. तुळशीतले युजेनॉल लवंगेतही असते. जंतूंना मारणारे असे द्रव्य स्वतःच्या पेशींनाही घातकच. म्हणून ते घराबाहेर, पण कुंपणाच्या आत ठेवायचे. तेल देठाच्या भित्तिकेतून पानात झिरपू नये, यासाठी देठाच्या पेशीच्या बाजूच्या भिंतींतही क्युटिन भरलेले असते. म्हणजे वर झाकण आणि खाली बूच.

केसाचा जन्म आणि त्याचे आवरण यांची सूत्रे कधीकधी एकाच हाती असतात. हिवतापावरचे आर्टेमिसिनिन ज्या वनस्पतीतून मिळते, त्या आर्टेमिसिया अ‍ॅन्युआच्या ग्रंथींत हे औषध उपत्वचेखालच्या पोकळीतच साठते. तू यूयू यांना २०१५ चे नोबेल मिळाले, ते याच औषधाच्या शोधासाठी. शांघायमधील संशोधकांनी २०१८ मध्ये दाखवले की, या वनस्पतीतले एक जनुक ग्रंथिकेस उगवण्याची सुरुवातही घडवते आणि उपत्वचा बनवणाऱ्या जनुकांनाही चालना देते. त्याची मात्रा वाढवली की केस वाढले, आणि औषधही.

सगळ्याच ग्रंथी मात्र साठवण करत नाहीत. आपल्याकडे हरभऱ्यावर रात्री स्वच्छ फडके पसरून पहाटे दवासकट आंब पिळून घेतात. ती आंब म्हणजे ग्रंथिकेसांच्या टोकांवर पाझरलेली मॅलिक आणि ऑक्झॅलिक आम्ले. तिथे ऐवज उघड्यावर असतो, म्हणून फडक्याला लागतो. तुळशीवर फडके पसरून तेल मिळणार नाही. फुगा फोडावा लागतो. वाळवलेली अख्खी पाने वास बराच काळ धरून ठेवतात आणि पूड केली की तो लवकर उडतो, यामागेही हेच कारण आहे.

ती मुलगी आता कुठे असते, मला ठाऊक नाही. कदाचित तीही कुठे शिकवत असेल आणि बाहेरच्या रेघेला ‘हद्द’ म्हणत असेल. दिवाळीनंतर तुळशीच्या लग्नाला नात वृंदावनापाशी बसेल, तेव्हा तिच्या हाती भिंग देणार आहे. पानाच्या खालच्या बाजूला चमकणारे बारीक ठिपके दिसतील. आकृती काढायला बसलो, तर या खेपेस बाहेर दोन रेघा काढीन: आत भित्तिका, बाहेर उपत्वचा, आणि मधल्या जागेत तेल.