घरातील सांडपाणी : योग्य व्यवस्था आणि आपली जबाबदारी

जालना जिल्ह्यातील भाविकांना पाण्याचे मोल नव्याने सांगण्याची आवश्यकता नाही. २०१२-१३ च्या दुष्काळात येथील मोसंबीच्या बागा डोळ्यांदेखत वाळून गेल्या आणि गावोगावी लोक टँकरच्या वाटेकडे डोळे लावून बसले. घरात पाणी येते कोठून, ही चिंता आपण रोज वाहतो. ते घराबाहेर जाते कोठे, याचा विचार मात्र क्वचितच करतो. घर, शाळा वा वसतिगृह बांधताना हा विषय बहुधा गवंड्यावर सोपवला जातो. म्हणून त्याची थोडी माहिती वाचकांना करून द्यावी, असे आम्हांस वाटले.

ग्रामीण भागात माणशी रोज ५५ लिटर पाणी मिळावे, असे जलजीवन मिशनचे प्रमाण आहे. वापरलेल्या पाण्यापैकी सुमारे ८० टक्के सांडपाणी होते, असे अभियंते धरतात. म्हणजे पाच माणसांच्या घरातून रोज सुमारे २२० लिटर सांडपाणी बाहेर पडते. आपल्या भागात मातीखाली काळा पाषाण आहे. त्याच्या भेगांमधून हे पाणी शेजाऱ्याच्या विहिरीपर्यंत पोहोचू शकते. कावीळ, विषमज्वर आणि हगवण यांचे जंतू याच मार्गाने घरात परत येतात.

सेप्टिक टँकचे कार्य

सेप्टिक टँक म्हणजे मैला साठवण्याचा हौद, अशी सर्वसाधारण समजूत आहे. वस्तुतः तेथे प्राणवायूविना जगणारे जिवाणू काम करीत असतात. जड मळ तळाशी बसतो, तेलकट पदार्थांची साय वर तरंगते आणि मधले पाणी पुढच्या कप्प्यात जाते. तळाचा गाळ जिवाणू हळूहळू पचवतात. भारतीय मानकानुसार पाच माणसांसाठी टाकी दीड मीटर लांब व पाऊण मीटर रुंद असावी आणि तीत पाण्याची खोली एक मीटर राहावी. अशी टाकी दर दोन वर्षांनी उपसली पाहिजे. फिनेल व ॲसिडचा अतिवापर केल्यास हे उपयोगी जिवाणूच मरतात. छपराचे पावसाचे पाणी टाकीत सोडल्यास गाळ ढवळून बाहेर पडतो.

एक गोष्ट ध्यानात ठेवावी. टाकीतून बाहेर पडणारे पाणी शुद्ध नसते. ते गटारात वा ओढ्यात न सोडता शोषखड्ड्यात जिरवावे आणि तो खड्डा पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून किमान १८ मीटर दूर असावा. काळ्या चिकण जमिनीत पाणी लवकर जिरत नाही. म्हणून आधी लहान खड्डा खणून, त्यात पाणी ओतून ते किती वेळात जिरते हे पाहावे. जिरत नसल्यास खडीच्या वाफ्यात कर्दळीसारख्या वनस्पती लावून त्यातून ते पाणी सावकाश वाहू द्यावे. नागपूरच्या ‘नीरी’ संस्थेने विकसित केलेली ‘फायटोरिड’ पद्धती याच तत्त्वावर चालते.

निवड कशी करावी?

खेड्यातील लहान कुटुंबाला, जमीन पाणी शोषणारी व विहीर दूर असल्यास, दोन शोषखड्ड्यांचे शौचालय सर्वांत सोयीचे. एक खड्डा भरला की दुसरा वापरावा. पहिला किमान एक वर्ष बंद ठेवल्यास त्यातील मैल्याचे निर्धोक सोनखत होते. न्हाणीघराचे पाणी वेगळे ठेवून परसातील झाडांना द्यावे.

वसतिगृहे व मोठ्या संस्थांना यंत्रचलित प्रकल्प सुचवले जातात. त्यांत पंपाने हवा सोडून प्राणवायूवर जगणाऱ्या जिवाणूंकडून पाणी स्वच्छ करवून घेतात. जागा कमी लागते आणि पाणी बागेसाठी वापरण्याजोगे होते. मात्र वीज दीर्घकाळ गेली की हवेअभावी हे जिवाणू मरू लागतात, आणि दिवाळी वा उन्हाळ्याच्या सुटीत मुले घरी गेली की त्यांची उपासमार होते. म्हणून खरेदीपूर्वी विक्रेत्यास विचारावे : महिन्याला वीज किती लागेल? गाळ कोण व कोठे नेईल? बिघाड झाल्यास माणूस किती दिवसांत येईल? पाण्याची तपासणी कोण करील? समाधानकारक उत्तरे न मिळाल्यास कमी यंत्रांची, साधी व्यवस्था स्वीकारावी. बंद पडलेल्या महागड्या प्रकल्पापेक्षा नीट राखलेली सेप्टिक टँक केव्हाही बरी.

माणसाला टाकीत उतरवू नये

टाकीत साठणारा हायड्रोजन सल्फाइड वायू काही क्षणांत प्राण घेतो. एकाला वाचवण्यासाठी दुसरा उतरतो आणि तोही मरण पावतो, अशा दुर्घटना आपल्या देशात वारंवार घडल्या आहेत. संरक्षक साधनांविना कोणालाही टाकीत उतरवणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा ठरवले आहे. अशा मृत्यूबद्दल कुटुंबाला ३० लाख रुपये भरपाई द्यावी, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये सांगितले. उपसा यंत्राच्या गाडीनेच करावा आणि ती गाडी टाकीपर्यंत पोहोचेल अशी वाट बांधतानाच ठेवावी. मजुरी थोडी वाचते म्हणून एखाद्या गरजू बांधवाला आत पाठवणे हे पाप आहे, असे आम्ही स्पष्टपणे म्हणतो.

पवित्र शास्त्रात अनुवादाच्या तेविसाव्या अध्यायात, छावणीबाहेर वेगळी जागा राखून मळ मातीने झाकावा, अशी आज्ञा आहे. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात सुरक्षित पाणी हा प्रत्येकाचा मूलभूत हक्क असल्याचे प्रतिपादन केले. शेजाऱ्यावर प्रीती करण्याची आज्ञा आपण मिस्सामध्ये ऐकतो. तिचे पालन त्याच्या विहिरीची काळजी घेण्यापासूनही सुरू होऊ शकते. प्रत्येक धर्मग्रामाने येत्या पावसाळ्यापूर्वी आपले चर्च, शाळा व वसतिगृह यांच्या टाक्या व शोषखड्डे तपासून घ्यावेत, अशी आमची कळकळीची विनंती आहे.