घर कितीही हुशार असू दे, राहणारे आपणच!

म्युनिकच्या उत्तरेला, एस-1 लोकलच्या मार्गावर आमचं उंटरश्लाइसहाइम. इथे 2003 पासून सुमारे दोन किलोमीटर खोलीवरचं गरम पाणी वर आणून त्याच्या उष्णतेवर घरं तापवली जातात. भारतातून नव्यानं आलेल्या मंडळींना वाटतं, जमिनीतलीच ऊब आहे, मग काटकसर कशाला? पण कडाक्याच्या थंडीत जोडीला इंधन जाळावंच लागतं. शिवाय सामायिक हीटिंगच्या बिलातला निदान अर्धा भाग ज्याच्या-त्याच्या वापरावर ठरतो. हा नियम जर्मनीत 1981 पासून आहे.

भिंतींना जाड आवरण, खिडक्यांना तिहेरी काच, म्हणजे बचत ठरलेलीच, असं आपण धरून चालतो. केंब्रिजच्या संशोधकांनी 2012 मध्ये सुमारे 3,400 जर्मन घरांचे आकडे तपासले, तेव्हा वेगळंच दिसलं. लोक कागदावरच्या हिशेबापेक्षा सरासरी 30 टक्के कमी ऊर्जा वापरत होते. घर जितकं जुनं आणि गार, तितकी काटकसर जास्त: एकच खोली तापवायची, अंगात स्वेटर घालायचा. उलट, कमी ऊर्जेच्या घरांत वापर हिशेबापेक्षा जास्त निघाला. म्हणजे दुरुस्तीनंतर कागदावरची बचत पूर्ण हाती येत नाही.

आपल्या घरांत काय होतं? फोडणीचा वास जावा म्हणून खिडकी दिवसभर तिरकी उघडी, आणि खाली रेडिएटर चालूच! हवा धड बदलत नाही, पण भिंत गार पडते आणि तिथेच बुरशी धरते. इथली पद्धत साधी आहे. रेडिएटर बंद करायचा, खिडक्या पाच-दहा मिनिटं सताड उघडायच्या आणि परत लावायच्या. कुकरची वाफ, घरात वाळत घातलेले कपडे यांचा दमटपणा असाच जातो. दुसरा गैरसमज बटणाचा. 5 वर ठेवलं की खोली लवकर तापते असं नाही, ती फक्त जास्त तापत राहते. 3 म्हणजे साधारण 20 अंश, तेवढं पुरतं.

पुण्या-मुंबईतही वेगळं काय आहे? भारतात 2020 पासून स्टार लेबलचे नवे एसी 24 अंशांवर लावूनच येतात. पण पाच स्टारचा आहे म्हणून तो रात्रभर 18 वर चालवला, तर स्टार बिचारे काय करणार? रिमोट शेवटी आपल्याच हातात असतो ना!