लेझर पुढे गेल्यावर (लेखांक ७)

मागच्या लेखांकात थरावर थर रचत वस्तू घडवणारं यंत्र पाहिलं: नायलॉन-१२ ची पांढरी पूड, मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतका तिचा थर, आणि त्यावर वस्तूचा छेद रेखाटत जाणारा कार्बन डायऑक्साइड लेझर. ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठात कार्ल डेकार्ड आणि त्यांचे मार्गदर्शक जो बीमन यांनी १९८० च्या दशकात हे तंत्र उभं केलं. सुटी पूड एकजीव होते कशी, ते आज पाहू.

लेझर कणांना जोडतो, असं सर्रास लिहिलं जातं. मला ते अर्धंच खरं वाटतं. लेझरचा ठिपका एका जागी सेकंदाचा हजारावा भागही थांबत नाही. तेवढ्यात कण वितळतो, पण शेजाऱ्यात मिसळायला त्याला सवड कुठे? खरी जोडणी होते ती लेझर पुढे निघून गेल्यावर.

ती घडवतो पृष्ठताण. आमटीवरचे तेलाचे दोन थेंब टेकले की एक होतात, कारण एका मोठ्या थेंबाचा पृष्ठभाग दोन लहानांच्या बेरजेपेक्षा कमी भरतो. वितळलेले कणही टेकतात तिथे बारीक मान धरतात आणि ती जाड होत जाते. फरक वेगाचा. वितळलेलं नायलॉन पाण्याच्या लाखपट चिकट असतं. पृष्ठताण ओढतो, चिकटपणा अडवतो.

या रस्सीखेचीचं गणित सोव्हिएत भौतिकशास्त्रज्ञ याकोव्ह फ्रेंकेल यांनी १९४५ मध्येच मांडलं होतं. तेव्हा लेझर जन्मायचा होता! त्यांच्या सूत्रानुसार सुरुवातीला मानेच्या त्रिज्येचा वर्ग वेळेच्या प्रमाणात वाढतो. कण दुप्पट मोठा असेल तर तो पूर्ण मिसळायला दुप्पट वेळ लागतो. चिकटपणा दुप्पट झाला तरी तेच. साठेक मायक्रॉनच्या कणासाठी आकडे घातले, तर सेकंदाच्या दहाव्या भागापासून एखाद्या सेकंदापर्यंतचा काळ निघतो. लेझरच्या मुक्कामाच्या कैक शेकडो पट.

इतका वेळ वितळ गरम राहते कशी? थर आधीच १७० अंश सेल्सिअसच्या आसपास तापवलेला असतो. ही पूड वितळते साधारण १८५ अंशांना, आणि निवताना गोठू लागते ती मात्र १५० च्या आसपास. त्यामुळे १७० अंशांवर न वितळलेली पूड सुटी राहते आणि वितळलेली लगेच गोठत नाही. इतकी ऐसपैस फट फार थोड्या प्लास्टिकांत मिळते. या धंद्यात नायलॉन-१२ चं वर्चस्व आहे ते मुख्यतः याच्या जोरावर.

मान जाड झाली, आकार आला, तरी बळकटी आलेली नसते. त्यासाठी रेणूंच्या लांब साखळ्या सीमा ओलांडून पलीकडच्या साखळ्यांत गुंतायला हव्यात. एका थरात हे बऱ्यापैकी साधतं, थराथरांत कमी. म्हणूनच असा भाग उभ्या दिशेने ओढला तर लवकर तुटतो.

उरलेली पूड पुन्हा वापरतात, आणि गोम तिथे आहे. यंत्रात तासन्‌तास तापल्याने साखळ्या टोकाला टोक जोडून लांब होतात, चिकटपणा चढतो, माना अर्धवट राहतात. पृष्ठभाग खडबडीत निघतो. कारखान्यात त्याला ‘ऑरेंज पील’ म्हणतात. अशा वेळी लेझरची ताकद वाढवून फारसं साधत नाही. जुन्या पुडीत ताजी मिसळावी लागते, बहुधा तिसरा हिस्सा ते निम्मी. नेमकी किती, हे ठरवायला जाणकार आधी जुन्या पुडीचा मेल्ट फ्लो, म्हणजे वितळल्यावर ती किती सहज वाहते ते, मोजून घेतात.