संमती दिली, पण परत घेता येते का?

आजचा प्रश्न साधा आहे. ॲपमध्ये ‘आय ॲग्री’ दाबायला एक सेकंद लागतो. ती संमती मागे घ्यायला किती वेळ लागतो? 2023 चा डेटा संरक्षण कायदा म्हणतो, देणं जितकं सोपं, मागे घेणंही तितकंच सोपं हवं. पण तुम्ही ‘नाही’ म्हणालात याचा पुरावा कुठे असतो? बहुतेक वेळा कंपनीच्याच सर्व्हरवर. म्हणजे वहीही त्यांची, पेनही त्यांचं!

इथे स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट येतो. नाव भारी आहे, पण तो एक छोटा प्रोग्रॅमच. ब्लॉकचेनवर, म्हणजे अनेकांकडे एकसारखी प्रत असलेल्या वहीवर तो चालतो. त्यात नोंद असते: कोणी, कोणाला, कशासाठी आणि कधीपर्यंत परवानगी दिली. तुम्ही संमती काढली की जुनी नोंद खोडली जात नाही, खाली नवी नोंद पडते. मग कोणी डेटा मागितला की कॉन्ट्रॅक्ट म्हणतो, ‘परवानगी नाही.’

हे नुसतं कागदावर नाही बरं का. ट्रायच्या 2018 च्या नियमांनुसार आपल्याकडचे व्यावसायिक एसएमएस अशाच सामायिक वहीवरच्या नोंदींशी ताडून पाठवले जातात. मार्च 2021 मध्ये ही तपासणी कडक झाली, तेव्हा टेम्प्लेट नोंदवलेले नव्हते म्हणून ओटीपीसुद्धा अडकले आणि ट्रायला ती काही दिवस थांबवावी लागली. प्रोग्रॅम नियम पाळतो, अडचण समजून घेत नाही.

आता दोन मर्यादा. एक, ब्लॉकचेनवरचं पुसता येत नाही. म्हणून नाव, नंबर, आजारपण असला डेटा तिथे कधीच ठेवायचा नाही. तिथे फक्त संमतीची नोंद, तीही ओळख उघड न करणारी. खरा डेटा बाहेर, जिथून तो डिलीट करता येईल. दोन, तुमचा नंबर आधीच कोणाच्या एक्सेल फाइलमध्ये गेला असेल, तर कॉन्ट्रॅक्टला ती फाइल दिसतच नाही. तिथे कायदा आणि दंडच कामाला येतात.

म्हणून कोणी ‘आमची संमती ब्लॉकचेनवर आहे’ म्हटलं, की एवढंच विचारा: मी नाही म्हटल्यावर माझा डेटा खरंच थांबतो, की फक्त माझा नकार जपून ठेवला जातो?

आणि नको असलेले जाहिरातीचे मेसेज येतच असतील, तर 1909 वर तक्रार करा. भेटू पुढच्या भागात!